बॉक्सिंगचा करार: पर्सचा आकडा सगळ्यात शेवटी वाचा

एप्रिल २०२५, लंडन. क्रिस युबँक ज्युनियर आणि कॉनर बेन यांची लढत दुसऱ्या दिवशी टॉटनहॅमच्या स्टेडियममध्ये व्हायची होती. युबँक वजनकाट्यावर उभा राहिला. मर्यादा १६० पौंडांची. पहिल्या खेपेला तो थोडा जास्त भरला, मग दुसऱ्यांदा चढला आणि काटा १६०.०५ वर थांबला. जास्तीचं वजन साधारण २३ ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे पाणी. दंड ३,७५,००० पाउंड. लढत त्याने जिंकली, पण त्या पाच चमच्यांचे पैसे गेले ते गेलेच.

हा दंड कुणा पंचाच्या मनात आला म्हणून बसला नाही. तो कित्येक आठवडे आधी दोन्ही बाजूंनी वाटाघाटी करून कागदावर लिहिला होता. व्यावसायिक बॉक्सिंगमधलं जवळपास सगळंच असं आधी कागदावर ठरतं: कोण कुणाशी लढणार, किती वजनावर, कुठे, रिंग केवढी, हातमोजे कोणते, आणि हरलं तर पुढे काय. चाहत्यांना दिसतो तो फक्त पर्सचा आकडा. पर्स म्हणजे लढतीचं मानधन. नवा बॉक्सरही नेमका तोच आकडा आधी बघतो, आणि तिथेच फसतो. पर्स एका रात्रीची असते. करार मात्र तुमची पुढची दोन, तीन, पाच वर्षं कुणाच्या हातात राहणार ते ठरवतो. म्हणून कागद कुठल्या क्रमाने वाचायचा आणि कुठे हुज्जत घालायची, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: समोर कोण बसलंय?

मॅनेजर हा बॉक्सरचा माणूस. त्याला टक्केवारी मिळते, त्यामुळे पर्स वाढली तर त्याचाही फायदा. प्रमोटर हा कार्यक्रम उभा करणारा व्यापारी. हॉल, टीव्ही, तिकिटं, जाहिरात, दोन्ही बॉक्सरांची पर्स, सगळा खर्च त्याचा आणि नफा-तोटाही त्याचा. पर्स जितकी कमी, तितका त्याच्या खिशात जास्त उरतो. मॅचमेकर हा जोड्या लावणारा. तो गोड बोलतो, तुमच्या मागच्या फाइटचं कौतुक करतो, पण पगार प्रमोटरचा घेतो.

आता हे दोघं, मॅनेजर आणि प्रमोटर, एकच माणूस असतील तर तुमच्या वतीने भाव कोण करणार? आणि कुणाशी? अमेरिकेत २००० साली मुहम्मद अली बॉक्सिंग सुधारणा कायदा झाला तो बराचसा याच दुखण्यावर. प्रमोटरला बॉक्सरच्या मॅनेजमेंटमध्ये आर्थिक हितसंबंध ठेवता येत नाही, मॅनेजरला प्रमोशनमध्ये नाही. मात्र दहा राऊंडांपेक्षा छोट्या लढती लढणाऱ्यांना हे संरक्षण नाही, म्हणजे ज्याला त्याची जास्त गरज तोच बाहेर. ब्रिटनमध्ये तर एकाच माणसाकडे दोन्ही परवाने असू शकतात आणि ते उघडपणे चालतं. बेकायदा नसलं तरी अशा ठिकाणी स्वतःचा वकील हवाच, आणि तो प्रमोटरने सुचवलेला नको.

टायटलची, म्हणजे विजेतेपदाची लढत असेल तर चौथा गडी येतो, बेल्ट देणारी संस्था. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ या चार मोठ्या. त्यांची सँक्शनिंग फी, म्हणजे लढतीला मान्यता द्यायचं शुल्क, पर्समधून जाते, साधारण ३ टक्के. एका वेळी तीन बेल्ट पणाला असतील तर तीन संस्थांना द्यावी लागते. गळ्यात बेल्ट जास्त आणि खिशात पैसे कमी, असं होतं ते यामुळे.

दुसरी पायरी: तीन कागद वेगळे ठेवा

बॉक्सरच्या आयुष्यात तीन प्रकारचे करार येतात आणि लोक त्यांची सतत गल्लत करतात. मॅनेजरशी झालेला करार, प्रमोटरशी झालेला करार, आणि एका विशिष्ट लढतीचा करार, ज्याला बाउट अ‍ॅग्रीमेंट म्हणतात.

मॅनेजरच्या कराराचं लवकर आटपू, कारण तिथे मर्यादा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत. ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डाच्या नियमांत मॅनेजर जास्तीत जास्त २५ टक्के घेऊ शकतो आणि मुदत तीन वर्षांच्या पुढे जात नाही. नेवाडा, कॅलिफोर्नियासारख्या अमेरिकी राज्यांत एक-तृतीयांशापर्यंत मुभा आहे. पाहायचं एवढंच, की टक्केवारी कशावर आहे. फक्त पर्सवर, की कपड्यांवरच्या जाहिरातीवर आणि तुम्ही स्वतः मिळवलेल्या स्पॉन्सरवरसुद्धा? आणि करार संपल्यावर, पण त्याने आधी जुळवलेल्या लढतीवर त्याचा हिस्सा राहतो का? याची उत्तरं कागदावर दिसली नाहीत, तर ती लिहून घ्या.

तिसरी पायरी: प्रमोटरचा करार

इथे मात्र थांबून वाचायचं. हा एकहाती हक्काचा करार असतो. या मुदतीत तुमची प्रत्येक लढत एक तर हाच प्रमोटर करणार किंवा त्याच्या परवानगीने दुसरा. त्या बदल्यात तो काय देतो, हा खरा प्रश्न.

आधी शोधा 'वर्षाला किमान किती लढती'. हे वाक्य नसेल तर उरलेला करार वाचायची गरज नाही, परत पाठवा. असेल तर त्यातलं क्रियापद बघा. प्रमोटर वर्षाला तीन लढती 'देईल' आणि तीन लढती 'देऊ करेल' यात दोन वर्षांचा फरक पडू शकतो. देऊ करणं म्हणजे असा प्रतिस्पर्धी, अशी तारीख आणि असे पैसे पुढे ठेवणं, की तुम्ही नाही म्हणावं. तुम्ही नाही म्हणालात की त्याची जबाबदारी पार पडली! म्हणून किमान लढतींच्या बाजूला किमान पर्सचा तक्ता हवा: सहा राऊंडांना इतके, आठला इतके, टीव्हीवर मुख्य लढत असेल तर इतके, टायटलसाठी इतके. शिवाय लढत दिली नाही तर किमान पर्स तरी मिळेल, किंवा ठरावीक महिन्यांनंतर करार आपोआप सुटेल, यापैकी एक अट.

नंतर मुदत. करारावर 'तीन वर्षं' छापलेलं असतं, पण ती तीन वर्षं लांबवणारी कलमं आत पसरलेली असतात. दुखापत झाली तर तेवढा काळ मुदतीत धरायचा नाही. निलंबन झालं तरी नाही. लढत नाकारली तरी नाही. जागतिक विजेता झालात तर मुदत आपोआप दोन वर्षांनी वाढणार. ही शेवटची अट मला सगळ्यात खटकते. ज्या दिवशी तुमचा भाव सगळ्यात जास्त असतो, नेमकं त्याच दिवशी तुम्हाला जुन्या भावात बांधून ठेवलं जातं. ती काढता आली नाही, तर वाढीव काळासाठी वेगळा, चढा तक्ता मागा. आणि लांबणीला कमाल मर्यादा घाला: काहीही झालं तरी अमुक तारखेनंतर करार संपला.

माइकी गार्सियाचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. अपराजित, दोन वजनी गटांत विजेता ठरलेला बॉक्सर. जानेवारी २०१४ मध्ये लढला आणि त्यानंतर टॉप रँक या प्रमोटरशी वाद कोर्टात गेला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार माझा करार संपलाय, हे त्याचं म्हणणं होतं. तो पुन्हा रिंगमध्ये उतरला जुलै २०१६ मध्ये. अडीच वर्षं. वयाच्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी, ऐन भरात. कोर्टात कोण बरोबर होतं हा वेगळा मुद्दा. बॉक्सरच्या बाबतीत खटला जिंकायलाही वय लागतं.

याच्या उलट फ्लॉइड मेवेदर. त्याच प्रमोटरबरोबरच्या त्याच्या करारात बाहेर पडायची किंमत लिहिलेली होती, साडेसात लाख डॉलर. २००६ मध्ये त्याने ती भरली आणि स्वतःचा धनी झाला. पुढच्या दहा वर्षांत त्याने जे कमावलं त्यापुढे ही रक्कम चिल्लर आहे. तुमच्या करारात बाहेर पडायची किंमत आहे का ते बघा. सुरुवातीला, तुमचं नाव नसताना, ती घालून घेणं सोपं असतं, कारण समोरच्यालाही ती कधी लागेल असं वाटत नाही.

ऑप्शन हा आणखी एक शब्द. तुमचा प्रमोटर वेगळा आहे, पण समोरच्या प्रमोटरच्या विजेत्याशी लढायची संधी आली. तो म्हणतो, संधी देतो, पण जिंकलास तर पुढच्या लढती माझ्याकडे. अशा सक्तीने घेतलेल्या हक्कांना अली कायद्याने १२ महिन्यांची मर्यादा घातली आहे. अमेरिकेबाहेर ती नाही, म्हणून ऑप्शन देणं भाग पडलं तर आकडा आणि तारीख दोन्ही लिहून घ्या: किती लढती, कधीपर्यंत, आणि प्रत्येकीची किमान पर्स किती.

चौथी पायरी: फोन येतो तेव्हा

आता एका साध्या लढतीचा प्रस्ताव कसा येतो ते जवळून बघू. समजा तुम्ही दुसऱ्या देशात राहता आणि अमेरिकेतून मेसेज येतो: 'आठ राऊंड, १४० पौंड, आठ हजार डॉलर, दोन तिकिटं, एक रूम, तीन आठवडे आहेत. उद्या दुपारपर्यंत कळवा.'

आठ हजार ऐकून बरं वाटतं. आता कागद घ्या. मॅनेजरचे २५ टक्के, दोन हजार. ट्रेनरचे दहा टक्के, आठशे. उरले ५,२००. सरावात समोर लढणारे दोन स्पॅरिंग पार्टनर, आठवड्याला प्रत्येकी तीनशे, तीन आठवडे: १,८००. उरले ३,४००. रक्ततपासणी, डोळे, मेंदूचं स्कॅन, परवाना मिळून पाचशे धरा. २,९००. तिकिटं दोन दिलीत, पण कॉर्नरला, म्हणजे राऊंडांच्या मध्ये मदतीला, निदान दोन माणसं तरी हवीत, म्हणजे तिसऱ्याचं विमान आणि राहणं तुमच्यावर. सहाशे धरले तर उरले २,३००. आणि अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या एकूण रकमेवर सर्वसाधारणपणे ३० टक्के कर आधीच कापून घेतात, म्हणजे २,४००. करसवलतीचा तह असेल किंवा नंतर विवरणपत्र भरलं तर काही परत मिळू शकतं, पण त्या रात्री हातात काय? उणे शंभर डॉलर. आठ राऊंड मार खाऊन वर शंभर देणं.

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे वेगळे असतील. पण हा हिशेब 'हो' म्हणायच्या आधी करायचा असतो. बरेच जण तो घरी परतल्यावर करतात.

मेसेजमध्ये जे लिहिलेलं नाही ते जास्त महत्त्वाचं. प्रतिस्पर्धी कोण? त्याच्या मागच्या लढती कुठल्या वजनावर झाल्या? १४० म्हणजे बरोबर १४०, की एक पौंड सूट? वजन आदल्या दिवशी की त्याच दिवशी? प्रतिस्पर्धी वजन चुकला तर आपल्याला काय मिळणार आणि लढायचं की नाही हे कोण ठरवणार? लढत रद्द झाली तर प्रवास आणि सरावाचा खर्च कोण देणार? प्रसारण होणार का? पैसे कधी आणि कशाने मिळणार?

'उद्या दुपारपर्यंत' ही बहुतेक वेळा दबावाची युक्ती असते. पण नेहमी नाही. कुणी जखमी होऊन बाहेर पडलं असेल तर मॅचमेकरला खरोखर घाई असते, आणि तेव्हाच तुमची किंमत सगळ्यात जास्त असते. तीन आठवड्यांवर लढत आणि समोरच्याला प्रतिस्पर्धी नाही, तिकिटं विकून झालीत. अशा वेळी आठचे बारा मागायला लाजू नये. २०१९ मध्ये अँडी रुईझला हेवीवेट विजेत्या अँथनी जोशुआसमोर उभं राहायची संधी अशीच मिळाली. मूळ प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत अडकला, महिनाभर उरला होता. पण ती गोष्ट पुढे येईल.

तिकिटांच्या डीलबद्दल एक सूचना. ब्रिटनमधल्या छोट्या हॉलमधल्या कार्यक्रमांत होतकरू बॉक्सरला पर्स मिळतच नाही. त्याला तिकिटांचा गठ्ठा मिळतो. ती विकायची, त्यातून प्रतिस्पर्ध्याची पर्स आणि त्याच्या प्रवासाचा खर्च भागवायचा, उरेल ते आपलं. समजा चाळीस पाउंडांची १०० तिकिटं विकलीत, जमा ४,०००. प्रतिस्पर्धी आणि त्याचा प्रवास १,८००, हॉल आणि डॉक्टरचा वाटा १,५००, हातात ७००. नव्वदच विकली गेली तर तीनशे. या व्यवहारात तुम्ही अर्धे बॉक्सर आणि अर्धे विक्रेते. त्यात गैर काही नाही, पण मग प्रतिस्पर्ध्याची निवड आणि त्याची किंमत यात तुमचं म्हणणं चाललं पाहिजे, कारण बिल तुम्ही भरताय.

पाचवी पायरी: उत्तर कसं द्यायचं

'एवढेच? परवडत नाही' हे उत्तर नव्हे. आकड्याला आकड्याने उत्तर द्या आणि सोबत कारण द्या, तेही लेखी. उदाहरणार्थ:

'प्रस्तावाबद्दल आभार. तारीख आणि वजन मान्य. पर्स ११,०००, करकपातीआधी. तीन तिकिटं, दोन रूम, वजनाच्या दोन दिवस आधीपासून जेवणभत्ता. प्रतिस्पर्धी वजन चुकल्यास त्याच्या पर्सच्या २० टक्के आमच्याकडे, आणि लढायचं की नाही हा निर्णय आमचा. शेवटच्या दहा दिवसांत लढत रद्द झाल्यास २,५००. हे मान्य असेल तर करार पाठवा, आज सही करतो.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मॅचमेकरला वर जाऊन आणखी पैसे मागायचे असतात. 'हे दिलं तर विषय संपला' असं त्याला सांगता आलं की तो तुमच्यासाठी भांडतो. आणि पर्स हलत नसेल तर इतर गोष्टी मागा. रूम, तिकिटं, स्पॅरिंगचा खर्च हे प्रमोटरच्या दुसऱ्या खात्यातून जातं आणि बऱ्याचदा सहज मिळतं.

पैशांऐवजी अटी मागून काय साधता येतं, याचं माझ्या मते आजवरचं सर्वोत्तम उदाहरण म्हणजे एप्रिल १९८७ ची शुगर रे लेनर्ड विरुद्ध मार्विन हॅगलर ही लढत. हॅगलर विजेता, त्याला हमी १ कोटी २० लाख डॉलरची, लेनर्डला १ कोटी १० लाखांची. लेनर्डने मोठा आकडा हॅगलरला घेऊ दिला आणि बदल्यात तीन गोष्टी मागितल्या: पंधराऐवजी बारा राऊंड, वीस फुटांची मोठी रिंग आणि दहा औंसांचे जाड हातमोजे. पाच वर्षांत एकदाच लढलेला, पायांवर नाचणारा माणूस, अंगावर धावून येणाऱ्या हॅगलरसमोर. मोठ्या रिंगमध्ये पळायला जागा, जाड मोज्यांमुळे ठोशाची धार कमी, आणि दम संपायच्या आत शेवटची घंटा. लेनर्ड विभागलेल्या निकालाने, म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या कौलाने जिंकला. त्या निकालावर आजही भांडणं होतात, पण करारावर कुणी भांडत नाही.

होकार देऊनही कोंडी करता येते. मार्च २०२३ मध्ये हेवीवेट विजेता टायसन फ्युरीने दुसरा हेवीवेट विजेता, युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक, याला जाहीरपणे सांगितलं: ३० टक्के घे, आणि उशीर केलास तर रोज एक टक्का कमी. उसिकने मान्य केलं, वर अट घातली की फ्युरीने युक्रेनच्या लोकांसाठी दहा लाख पाउंड द्यावेत. आता नाही म्हणायची वेळ फ्युरीवर आली. ती वाटाघाटी तेव्हा फिसकटली, बातम्यांनुसार रिमॅचच्या, म्हणजे त्याच दोघांच्या पुढच्या लढतीच्या वाटणीवरून. लढत झाली ती मे २०२४ मध्ये रियाधला, आणि उसिक जिंकला.

सहावी पायरी: मोठ्या लढतीतली वाटणी

मोठ्या लढतीत एक बाजू 'ए साइड' असते, म्हणजे जिच्या नावावर तिकिटं खपतात. बेल्ट कुणाकडे आहे याला तितकी किंमत नाही. २ मे २०१५ च्या मेवेदर–पॅकियाओ लढतीत ६०–४० वाटणी झाली. ही लढत २००९–१० मध्येच व्हायची होती. तेव्हा अडलं ते मुख्यतः उत्तेजकांसाठीच्या रक्तचाचणीवरून. पाच वर्षं गेली, दोघंही उतरणीला लागले, तरी पे-पर-व्ह्यूवर, म्हणजे वेगळे पैसे भरून टीव्हीवर बघायला, ४६ लाख घरांनी ती विकत घेतली.

टक्केवारीचा प्रस्ताव आला की एकच प्रश्न विचारा: कशाची टक्केवारी? एकूण उत्पन्नाची की निव्वळ? निव्वळ म्हणजे खर्च वजा जाता, आणि खर्च लिहिणारा हात प्रमोटरचा. निव्वळ उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपेक्षा एकूण उत्पन्नाचे १५ टक्के कधीकधी जास्त भरतात. सगळ्यात सुरक्षित रचना म्हणजे ठोस हमी, आणि विक्री एका आकड्यापुढे गेली की प्रत्येक खरेदीमागे ठरावीक रक्कम. सोबत हिशेबाची वही तपासायचा हक्क. अली कायद्यानुसार प्रमोटरने त्या लढतीतून त्याला किती मिळणार आहे आणि तुमच्या पर्समधून काय काय कापणार आहे, हे तुम्हाला सांगणं बंधनकारक आहे. मागा. तुमच्या खेळाडूमित्रांपैकी कितीजणांनी मागितलंय ते विचारून बघा, उत्तर ऐकून हसू येईल.

वजनाच्या अटीही इथेच येतात. एप्रिल २०२३ मध्ये जेर्वोन्टा डेव्हिस आणि रायन गार्सिया १३६ पौंडांवर लढले. पण त्याखेरीज लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करायचं आणि १४६ च्या वर जायचं नाही, अशी अट होती. वजन उतरवून मग पाणी-अन्न घेऊन पुन्हा भरून येणाऱ्या मोठ्या चणीच्या बॉक्सरला ही अट अर्धी शक्ती काढून रिंगमध्ये पाठवते. अशी अट मान्य करायच्या आधी पैशांच्या आकड्यांकडे बघू नका. ट्रेनरला विचारा, आणि सरावात एकदा तेवढंच वजन ठेवून आठ राऊंड स्पॅरिंग करून बघा.

सातवी पायरी: पर्स बिड

बेल्ट असलेल्या बॉक्सरला ठरावीक काळाने त्या संस्थेच्या पहिल्या क्रमांकाच्या आव्हानवीराशी लढावंच लागतं. त्याला मँडेटरी म्हणतात. संस्था आदेश देते आणि दोन्ही बाजूंना वाटाघाटीसाठी साधारण ३० दिवस देते. जमलं तर ठीक. नाही जमलं तर लिलाव. नोंदणीकृत प्रमोटर बंद पाकिटात आकडा टाकतात, पाकिटं सगळ्यांसमोर उघडतात, आणि जास्त बोली लावणाऱ्याला लढत मिळते, कुठे करायची हेही तोच ठरवतो. रक्कम संस्थेच्या ठरलेल्या प्रमाणात वाटली जाते. मोठा हिस्सा साधारणपणे विजेत्याचा असतो. डब्ल्यूबीसी बोलीतले १० टक्के बाजूला ठेवून जिंकणाऱ्याला देते.

जानेवारी २०२२ मध्ये फ्युरी आणि डिलियन व्हाइट यांच्यासाठी फ्रँक वॉरनच्या क्वीन्सबरी या प्रमोशन कंपनीने ४,१०,२५,००० डॉलरची बोली लावली. दहा टक्के, म्हणजे ४१,०२,५०० बाजूला गेले. उरलेल्याची ८०–२० वाटणी: फ्युरीला २,९५,३८,०००, व्हाइटला ७३,८४,५००. व्हाइटच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी रक्कम, आणि ती त्याने मागून मिळाली नव्हती. पाकिटातून निघाली. म्हणून आव्हानवीराच्या बाजूने बसला असाल तर थेट प्रस्ताव घेण्याआधी अंदाज बांधा: लिलावात किती निघेल आणि त्यातला माझा टक्का किती? प्रस्ताव त्याहून कमी असेल तर तीस दिवस शांत बसणं हीसुद्धा वाटाघाटीच.

पण मोठी बोली म्हणजे मोठे पैसे असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टिओफिमो लोपेझ आणि जॉर्ज कॅम्बोसोस यांच्या लढतीसाठी ट्रिलर या नव्या कंपनीने ६०,१८,००० डॉलरची बोली लावली. मॅचरूम या दुसऱ्या प्रमोटरची होती ३५,०६,०००, टॉप रँकची २३,१५,०००. सगळे थक्क झाले. मग लोपेझला कोविड झाला, तारखा पुढे सरकत राहिल्या, जागा बदलत राहिल्या. शेवटी ट्रिलरला अपात्र ठरवून आयबीएफने हक्क दुसऱ्या क्रमांकाच्या मॅचरूमला दिले. वाटणी ६५–३५ होती. म्हणजे कॅम्बोसोसचे कागदावरचे २१ लाख डॉलर १२ लाख २७ हजारांवर आले. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला तो जिंकला, ते वेगळं. बोली लावणाऱ्याची पत बघा, अनामत किती भरली ते विचारा, आणि पाकीट उघडल्यावर लगेच घर बघायला निघू नका.

मँडेटरी असून थांबायला तयार असाल तर त्याचेही पैसे मिळतात. १९९६ मध्ये माइक टायसनला आधी ब्रूस सेल्डनशी लढू द्यावं म्हणून लेनॉक्स लुईसने ४० लाख डॉलर घेऊन बाजूला व्हायचं मान्य केलं. एकही ठोसा न मारता. मात्र थांबताना पुढची संधी कधी, ती तारीख लिहून घ्यायची, नाहीतर पैसे संपतात आणि रांग तशीच राहते.

आठवी पायरी: हरल्यावर काय, जिंकल्यावर काय

रिमॅचचं कलम साधारणपणे ए साइडसाठी असतं. तो हरला तर त्याला पुन्हा लढायचा हक्क. लहान बाजूला वाटतं, जिंकलो तर बघू पुढचं. रुईझने जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला जोशुआला पाडलं आणि हेवीवेटचे बेल्ट नेले. आता आपणच राजे असं कुणालाही वाटेल. पण रिमॅच आधीच लिहिलेली होती आणि जागा ठरवायचा हक्क जोशुआच्या बाजूकडे होता. रुईझने सौदी अरेबियाला जायला जाहीरपणे नाखुशी दाखवली. डिसेंबरमध्ये लढत दिरियाहलाच झाली, आणि बेल्ट परत गेले.

हे कलम तिसऱ्याच माणसाचाही खेळ मोडू शकतं. २०२१ मध्ये फ्युरी–जोशुआ लढतीची घोषणा होत आली होती. मे महिन्यात लवादाने निकाल दिला: डिऑन्टे वाइल्डरला फ्युरीशी तिसऱ्या लढतीचा हक्क आहे. जोशुआचा बेत तिथेच बारगळला. त्याआधी २०१५ मध्ये व्लादिमिर क्लिचकोला हरवल्यावर दोन आठवड्यांच्या आत फ्युरीचा आयबीएफ बेल्ट गेला, कारण करारानुसार त्याला क्लिचकोशी पुन्हा लढायचं होतं आणि संस्थेला मँडेटरी हवी होती. दोन कागद एकमेकांना छेद देत होते आणि सही दोन्हींवर त्याचीच होती.

म्हणून रिमॅच द्यावी लागली तर चार गोष्टी आत्ताच भरून घ्या. वाटणी किती? पहिल्या लढतीत ३० वर असाल आणि जिंकलात तर दुसरीत निदान निम्मा हिस्सा. जागा कोण ठरवणार? किती दिवसांत हक्क वापरायचा, नाहीतर गेला? आणि मध्ये मँडेटरीचा आदेश आला तर काय?

नववी पायरी: सही आणि नंतर

सही करायच्या आधी करार मोठ्याने वाचून काढा. तुमच्या भाषेत नसेल तर भाषांतर करून घ्या, आणि ते समोरच्या बाजूने दिलेलं नको. पानागणिक आद्याक्षरं टाका म्हणजे पानं बदलता येत नाहीत. फोनवर ठरलेली प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी मेसेज करून ठेवा: 'आपलं ठरल्याप्रमाणे तीन तिकिटं.' सही केलेली प्रत तुमच्याकडे हवी, मॅनेजरच्या कपाटात नको. अमेरिकेत लढतीचा करार राज्याच्या बॉक्सिंग कमिशनकडे दाखल होतो. तिथे दाखल केलेला आकडा आणि तुम्हाला सांगितलेला आकडा वेगळा असेल तर फरकाची रक्कम कुठल्या कागदावर आहे ते विचारा. 'तो आपला आपल्यातला विषय' असं उत्तर आलं तर सही करू नका.

लढत झाली की ड्रेसिंग रूममध्ये अंग ठणकत असताना हिशेबाचा कागद समोर येतो. त्यावर कधीकधी जादा रूम, हॉटेलचं जेवण, आगाऊ दिलेली उचल अशा कपाती असतात. तिथे आकडे तपासायला तुमच्यापेक्षा शुद्धीवर असलेला एखादा माणूस जवळ ठेवा.

आणि दुसऱ्या दिवशी, डोळ्याची सूज उतरायच्याही आधी, प्रमोटरचा करार काढा. पुढची लढत त्याने किती दिवसांत द्यायची आहे ते बघा, ती तारीख मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करा. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवायचं पत्र आजच लिहून ठेवा.